पहिला घोट नळीचा

झाकण जरा वर धरा, म्हणजे नीट बोलता येईल. हां, अस्सं. घाबरू नका, मी चावत नाही. मी नळी. दवाखान्यात पंपापासून रोग्याच्या मनगटापर्यंत लोंबकळणारी, आरपार दिसणारी, प्लास्टिकची बारीक नळी. कात्रीनं माझे दोन तुकडे केलेत. तुमच्याशी बोलतोय तो लांबडा तुकडा. आखूड तुकडा पहिल्यापासूनच अबोल आहे.

कचऱ्याच्या पिशवीतून कोणी हाक मारली तर लोक नाक दाबून पुढं जातात. तुम्ही थांबलात, भलं माणूस दिसता. तर ऐकाच. आम्ही मधली मंडळी. इकडचा माल तिकडं पोचवायचा, एवढाच आमचा धंदा. आणि या धंद्यात अब्रू एकाच गोष्टीत असते: जेवढं घेतलं तेवढं पोचलं पाहिजे. माझ्याकडून नेमकं तेवढंच झालं नाही.

आधी जन्म सांगते. मोत्यांसारखे पांढरे दाणे यंत्राच्या पोटात पडतात, तापतात, वितळतात. मऊपणासाठी त्यात काहीतरी तेलकट मिसळतात. मग तो रस एका भोकातून ओढतात आणि थंड पाण्यातून पुढं नेतात. सगळे रडत जन्माला येतात, मी फरफटत आले. यंत्रावरच्या कारागिरानं मला बोटाभोवती गुंडाळून पाहिलं आणि म्हणाला, "बघा, कशी वाकते! मोडायची नाही की चिरायची नाही. स्वभाव असावा तर असा."

शेजारी पिशव्या बंद करणारी बाई तोंडाची फटकळ होती. ती म्हणाली, "वाकणाऱ्यांचं मला नका सांगू. माझी वहिनी पण सगळ्यांपुढं वाकते. आत काय काय धरून ठेवते ते मला विचारा."

कारागीर हसला. मीही हसले. त्या बाईनं माझी कुंडली जन्मतःच मांडली होती, हे कळणं मला पुढं फार महागात पडलं. मला कसलं, दुसऱ्यालाच.

मग गाडी, मग दवाखान्याची कोठी. तिथं आम्ही फळीवर दाटीवाटीनं पडून होतो. कोठी सांभाळणारे गृहस्थ भारी गप्पिष्ट. त्यांच्या घरी पूर्वी तेलाचं दुकान होतं, आणि सामान न्यायला आलेल्याला एखादा किस्सा ऐकवल्याशिवाय ते हातातली वस्तू सोडायचे नाहीत. त्यांचा एक किस्सा मी अजून विसरलेली नाही.

"आमच्या दुकानात एकदा पत्र्याचं नवं माप आणलं," ते सांगत होते, "आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं भांडण काढलं. म्हणे, तेल कमी दिलंत. वडिलांनी माप काठोकाठ भरून ओतलेलं, सगळ्यांच्या देखत. तरी कमी! का? अहो, नव्या मापाला आतून तेल लागतं ना. ते आधी स्वतः पितं, मग गिऱ्हाइकाला देतं. तेव्हापासून वडील नवं माप आलं की पहिल्यांदा आपल्याच डब्यात बुडवून काढायचे. म्हणायचे, मापाचा वाटा मापाला देऊन टाका, मग ते खोटं बोलत नाही."

ऐकणारा "हो का, हो का" करत सामान घेऊन पळाला. मी फळीवर पडल्या पडल्या मनात म्हटलं, माप पितं नाहीतर उपाशी राहतं, आपल्याला काय त्याचं! नवी होते. नवं भांडं जरा जास्तच वाजतं.

आता खरं ते सांगते. माझ्यातून साधं सलाईन सोडा. जेवढं घेईन तेवढं देईन. पण साखरेच्या रोग्याचं इन्सुलिन आलं की माझं अंग चिकट होतं. इन्सुलिन सलाईनच्या पाण्यात मिसळतात आणि पंप ते हळूहळू पुढं ढकलतो. मी नवी कोरी असले, तर त्या पाण्यातलं इन्सुलिन माझ्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं. वरून काहीच दिसत नाही. पाणी तेवढंच येतं, तेवढंच जातं. पंपावरचा आकडाही खरा असतो. फक्त पाण्यातलं औषध निम्म्या वाटेत माझ्याकडं मुक्कामाला राहतं. त्या मालाचा मला काय उपयोग? मला ना रक्त, ना साखर. पण म्हणतात ना, स्वभावाला औषध नाही. माझ्या स्वभावाला मात्र औषधच लागतं, तेही दुसऱ्याचं.

एकदा भिंत भरली की मी सज्जन. मग येईल ते सगळं मुकाट्यानं पुढं सोडते. आमच्या नात्यात एक मावसबहीण आहे, तिला आतून दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं अस्तर असतं. तिला ही खोड फारशी नाही. पण ती त्या वॉर्डाच्या कपाटात नव्हती. कपाटात मी होते.

माझ्या खोडीवर इलाज नव्हता असं नाही. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, ज्यांना डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे 'ताई' म्हणतात, त्यांनी प्रत्येक सिस्टरला तो शिकवलेला होता. इन्सुलिनची नळी लावताना आधी नळीला पाजायचं. म्हणजे ते औषधाचं पाणी तिच्यातून थोडं वाहू द्यायचं, ट्रेमध्ये सांडायचं, आणि मगच नळी रोग्याला जोडायची. 'पाजणं' हा ताईंचाच शब्द. कोणी कुरकुरलं, "ताई, एवढं औषध वाया घालवायचं?" तर त्या म्हणायच्या, "वाया कुठं गं? पाहुणी उपाशी आलीय. तिला आधी वाढ, नाहीतर ती दुसऱ्याच्या ताटातलं खाईल."

इतकं सगळं ठाऊक असताना घोटाळा झाला कसा? भलेपणातून झाला. त्या वॉर्डात एक गोड पद्धत होती. ड्युटी संपवून घरी जाणारी सिस्टर येणारीसाठी थोडं काम उरकून ठेवायची. चादर बदलून ठेव, कापूस कापून ठेव. इन्सुलिनची नळी बदलायची असेल, तर नवी नळी साध्या सलाईननं भरून, तिच्यातली हवा काढून, ट्रेमध्ये तयार ठेव. इन्सुलिन मात्र कोणी भरून ठेवायचं नाही. जी औषध देणार तिनंच ते भरायचं, असा नियम. नियमही चांगला, पद्धतही चांगली. पण साध्या पाण्यानं भरलेली नळी आणि इन्सुलिन पाजलेली नळी शेजारी ठेवून बघा. जुळ्या बहिणी! दोघी ओल्या, दोघी आरपार, दोघींत एक बुडबुडा नाही.

त्या दुपारी घरी निघालेली सिस्टर सतत काहीतरी गुणगुणणारी होती. तिनं गुणगुणतच मला भरलं, ट्रेमध्ये वेटोळं घालून ठेवलं आणि ती आवरायला गेली. ट्रे वॉर्डातल्या एका खाटेच्या खोलीत, खिडकीपाशी होता. खाटेवर आक्का होत्या.

आक्का म्हणजे बटणं आणि लेस विकणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाई. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, त्यांनी दुर्लक्ष केलं, जखम चिघळली आणि साखर आभाळाला भिडली. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच स्पष्ट सांगितलेलं: साखर ताब्यात राहिली तर उद्या ऑपरेशन करून अंगठा काढू, पाय वाचेल. साखर चढली तर ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल, आणि तोवर विष वर सरकलं तर अंगठ्यावर भागणार नाही. माझ्या आधीच्या नळीनं आपलं काम चोख केलं होतं. साखर उतरणीला लागली होती. म्हणून आक्का थट्टेच्या रंगात होत्या.

उशाशी त्यांची धाकटी जाऊ बसली होती. आक्का तिला नुसतं 'धाकटी' म्हणायच्या.

"आक्का, उशी वर घेऊ?"

"घे. दुकान कुणावर सोडून आलीस?"

"बंद करून आले."

"तुझं नाही, माझं विचारतेय."

"दोन्ही. तुमच्या बाजूचं कुलूप फार कुरकुरतं. तेल घाला त्यात."

"कुरकुरतं म्हणून तर चोर फिरकत नाही."

धाकटी उगाच चादरीची सुरकुती काढायला लागली. 'चोर' हा शब्द त्या दोघींत जपून वापरायचा होता, हे मला ट्रेमधूनसुद्धा कळलं.

गोष्ट अशी, की दुकान आधी दोघींचं मिळून होतं. एकदा भारीतल्या लेसचा गठ्ठा नाहीसा झाला. शोधाशोध झाली. आक्कांनी आरोप केला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाल्या, "दुकानात दोघीच तर होतो." तेवढं पुरलं. दुकानाच्या मधोमध पातळ लाकडी भिंत उभी राहिली. बटणं इकडं, दोरा तिकडं. गिऱ्हाईक बिचारं शर्ट हातात धरून दोन दारं चढायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघी बसायच्या, एकमेकींचा खोकला ऐकायच्या आणि निरोप गिऱ्हाइकाच्या तोंडून पाठवायच्या. आक्का आजारी पडल्याचंही धाकटीला असंच गिऱ्हाइकाकडून कळलं. बोलावणं नव्हतं. ती पिशवी उचलून आली आणि उशाशी बसली. आक्कांनीही 'का आलीस' असं विचारलं नाही. एवढ्यानंच अर्धी भिंत पडली होती.

"नळी भरून ठेवलीय गं!" गुणगुणणारीनं दारातून सांगितलं.

"देव भलं करो तुझं!" ड्युटीवर आलेली चष्मेवाली सिस्टर म्हणाली. तिनं स्वतःच्या हातानं इन्सुलिन मोजून भरलं, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतलं, जुनी नळी काढली, मला पंपाला जोडलं आणि माझं दुसरं टोक आक्कांच्या मनगटाला. ट्रे कोरडाच राहिला. नळी भरलेली आहे म्हणजे पाजलेली आहे, असं तिनं धरलं. नळी भरली आहे, पाजायचं ती बघेलच, असं पहिलीनं धरलं होतं. कुणाचंही मन खोटं नव्हतं.

मी मात्र उपाशी होते.

पंप घुरघुरला. पाणी आत आलं आणि माझ्या भिंतीनं त्यातलं इन्सुलिन वेचून घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला, खरं सांगते, बरं वाटलं. कोरडं अंग भरत होतं. पलीकडच्या टोकाला काय पोचतंय याचा विचार मी केला नाही. चोराला पहिली चोरी कष्टाची कमाईच वाटते.

काही वेळानं सिस्टरनं आक्कांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली. चढली होती. डॉक्टरीणबाईंना विचारून तिनं पंपाचा वेग वाढवला. पुन्हा टोचलं. आणखी चढली होती.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "आक्का, काही खाल्लंत का?"

"सुया खाल्ल्या, आणखी काय?" आक्का म्हणाल्या. "बोटं बघा माझी. चाळणी झालीय. पीठ आणा, चाळून देते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सकाळपर्यंत छान उतरली होती. अशी चढत राहिली तर उद्या मी हात लावू शकणार नाही."

तेवढ्यात आक्कांची लेक कामावरून थेट आली. तिनं ते शेवटचं वाक्य ऐकलं. आईच्या तोंडाकडं पाहिलं, डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग तिची नजर धाकटीच्या पिशवीवर गेली. पिशवीतून बिस्किटांच्या डब्याचं झाकण डोकावत होतं.

"काकू, हे काय आहे?"

"बिस्किटं. चहाबरोबर. मला, अगं. दुपारी डबा आणला नव्हता."

"आईला दिलीत?"

"छे! मी कशी देईन?"

"मग साखर चढली कशी?"

"मी काही खाल्लेलं नाही," आक्का म्हणाल्या.

"आई, तुझी साक्ष चालत नाही. बटणांच्या डबीत चॉकलेटं कोण लपवायचं? मागच्या खेपेला गिऱ्हाइकाला कोटाच्या बटणांऐवजी चॉकलेटं गेली, विसरलीस?"

आक्का ओशाळल्या. हे खरं होतं. आयुष्यभर लपवून खाल्लेल्याचं पाप असं, की ज्या दिवशी तोंड स्वच्छ असतं त्या दिवशीच कोणी विश्वास ठेवत नाही.

लेकीचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "उद्या ऑपरेशन झालं नाही तर आईचा पाय जाईल, काकू. मी दुसरं कुणाला विचारू? खोलीत दोघीच तर होता."

ते वाक्य! अगदी तेच. लेकीला ते ठाऊक असेल-नसेल, पण आक्कांनी डोळे मिटून घेतले. धाकटीनं पिशवी उचलली, डब्याचं झाकण नीट दाबलं आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मला ओरडून सांगायचं होतं. अहो, दोघी नाहीत! डब्यात बघू नका, इकडं बघा! आरपार दिसते मी, माझ्यात डोकावा तरी! पण आरपार दिसणाऱ्यावर कोण संशय घेतो? बंद डब्यावर घेतात. ज्या औषधानं आक्कांचा पाय वाचायचा ते मी भिंतीला लावून बसले होते, आणि बाहेर बाकावर एक बाई माझा आळ पोटाशी धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी वेग आणखी वाढवायला सांगितला. त्यांचंही चुकलं कुठं? साखर उतरत नाही म्हणजे इन्सुलिन कमी पडतंय, हा सरळ हिशेब. हिशेबात फक्त मी धरलेली नव्हते.

आणि आता माझ्या गुन्ह्याचा दुसरा भाग. पहिल्यापेक्षा वाईट.

माझी भिंत भरली. अगदी अचानक नव्हे, पण भरत भरत एक वेळ अशी आली की चिकटायला जागा उरली नाही. मग वाढवलेलं, पुन्हा वाढवलेलं इन्सुलिन सगळंच्या सगळं आक्कांच्या रक्तात जायला लागलं. आधी उपाशी ठेवलं, आता बुडवायला निघाले. मला थांबता येत नव्हतं. चोरी करणंही माझ्या हातात नव्हतं आणि सज्जनपणाही.

सिस्टर पलीकडच्या खोलीतल्या रोग्याचं बँडेज बदलत होती. लेक औषधाच्या दुकानात गेली होती. आक्का झोपल्यासारख्या दिसत होत्या. दार उघडून धाकटी आत आली. खुर्चीवर तिची शाल राहिली होती, ती घ्यायला. शाल उचलली, वळली, आणि थबकली.

आक्कांच्या कपाळावर घाम होता. ओठ थरथरत होते. "दोन डझन," त्या पुटपुटल्या, "पांढरी... चार भोकांची... मोज ना, मोज..."

धाकटीनं त्यांच्या कपाळाला हात लावला. गार. तिला ओळख पटली. दुकान एक होतं तेव्हा आक्कांना कधीकधी जेवायला उशीर व्हायचा आणि त्या अशाच बरळायला लागायच्या. तेव्हा ती गल्ल्याजवळच्या बरणीतली साखर चमच्यानं त्यांच्या तोंडात घालायची. तिचा हात आपसूक पिशवीत गेला. डबा बाहेर आला. झाकण उघडलं. बिस्किट बोटांत आलं.

आणि हात थांबला.

तिनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. आक्का आणि ती. दोघीच. हातात बिस्किट.

तिनं ते परत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या झाकणाचा बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. मी आक्कांचं इन्सुलिन धरून ठेवलं ते एक पाप. पण ज्या हाताला काय करायचं ते ठाऊक होतं तो हात मी धरून ठेवला, हे दुसरं. आणि यातलं कोणतं मोठं हे मला सांगता येणार नाही.

"सिस्टर! सिस्टर, इकडं या! आक्का कसंतरीच करतायत!" ती धावत बाहेर गेली.

चष्मेवाली आली, तिनं आधी पंप बंद केला, बोटाला सुई टोचली आणि पार खाली घसरलेला आकडा पाहून ताईंना हाक मारली. ताई एवढ्या अंगाच्या, पण वाऱ्यासारख्या आल्या. आक्कांच्या दुसऱ्या हाताला सुई होतीच, तिच्यातून ग्लुकोज गेलं. लेक दारात येऊन खिळली होती, हातातली औषधाची पुडी तशीच.

आक्कांनी डोळे उघडले. "मोजलीस का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"आक्का, मी कोण?" ताई त्यांच्या तोंडाशी वाकल्या.

"ताई. दुसरं कोण एवढ्या मोठ्यानं बोलतं?"

"आल्या ठिकाणावर!" ताईंनी सुस्कारा सोडला. थोडं पाणी पाजून पाहिलं, नीट गिळलं गेलं. "आता पोटातही काहीतरी जाऊ दे, नाहीतर पुन्हा खाली जाईल. कुणाकडं काही आहे का?"

मग धाकटी म्हणाली, "माझ्याकडं बिस्किटं आहेत." आणि जागची हलली नाही. लेकीकडं बघून म्हणाली, "देऊ? माझ्या हातानं देऊ?"

"अहो द्या की!" ताई ओरडल्या. "मुहूर्त काढताय का?"

लेकीनं मान खाली घातली. धाकटीनं बिस्किटाचा तुकडा पाण्यात बुडवून आक्कांच्या तोंडात घातला. आक्कांनी तो चघळला आणि म्हणाल्या, "मऊ पडलीत. कुणाकडून घेतलीस? फसवलं तुला."

आता ताईंची नजर पंपाकडं वळली. पंपावरून माझ्याकडं. त्यांनी मला दोन बोटांत धरलं. मला वाटलं, पकडली गेले. खरं सांगू? हायसं वाटलं.

"नळी कधी बदलली?"

"दुपारी," चष्मेवाली म्हणाली. "ड्युटी बदलताना."

"आणि साखर कधीपासून चढली?"

"त्यानंतरच."

"नळीला पाजलं कुणी?"

"तिनं भरून ठेवली होती..." चष्मेवाली बोलता बोलता थांबली. चष्मा काढून पुसायला लागली. "भरलेली होती, ताई. मी... मला वाटलं..."

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला वाटलं पाजलीय, तिला वाटलं तू पाजशील. बघून ओळखता येतं का? मलाही नाही येणार. उद्यापासून इन्सुलिनची नळी कुणी कुणासाठी भरून ठेवायची नाही. कोरीच ठेवायची. कोरी दिसली की हात आपोआप पाजायला जाईल. आमची एकमेकींवरची माया या आक्कांना महागात पडली बघ."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आक्कांसमोरच म्हणाल्या, "मी नुसता वेग वाढवत बसले. नळीकडं मीच आधी बघायला हवं होतं."

मग ताईंनी लेकीला साध्या शब्दांत समजावलं: औषध निघालं होतं, पण पोचलं नव्हतं, आणि पोचायला लागलं तेव्हा एकदम जास्त पोचलं. लेक ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे काकूंनी काहीच..."

आक्का माझ्याकडं बघत होत्या. एवढा वेळ मनगटाला लटकले होते, पण कोणी माणसानं मला असं बघितलं नव्हतं.

"म्हणजे खोलीत दोघी नव्हत्या," त्या म्हणाल्या. "तिघी होत्या."

मग त्यांनी मान धाकटीकडं वळवली.

"त्या गठ्ठ्याच्या वेळीही कोणी तिसरं असेल गं, धाकटे."

"कोण?"

"उंदीर असेल."

"उंदराला लेस कशाला, आक्का? लग्नाला जायचं होतं का त्याला?"

"मग मांडणी असेल. मागं फट होती तिच्या."

"अजून आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही कधी मांडणी ओढून बघितलीच नाहीत."

"पाय बरा झाला की बघू."

"एकटीला नाही ओढवणार. जड आहे."

"म्हणून तर 'बघू' म्हटलं. 'बघते' म्हटलं का?"

धाकटीनं शाल पुन्हा खुर्चीवर टाकली आणि ती बसली. लेक दारातूनच म्हणाली, "काकू, चहा आणते. बिस्किटं... तुमचीच चालतील?" जखम एका चहानं भरत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिनं डबा पुढं सरकवला.

आक्कांची साखर जागेवर आल्यावर ताईंनी पंप पुन्हा बेतानं सुरू करायला सांगितला. चष्मेवाली नवी नळी आणायला निघाली, तर ताईंनी अडवलं. "हिलाच राहू दे. हिचं पोट भरलंय आता. नवी आणशील तर तिला पुन्हा पहिल्यापासून वाढत बसावं लागेल."

मला ऐकून लाजेनं विरघळावंसं वाटलं. चोराला कोठाराच्या दारावर बसवायचं, तेही सगळ्यांना चोरी कळल्यावर! पण खाऊन तृप्त झालेल्या चोरासारखा राखणदार नाही, हे ताईंना ठाऊक होतं. मी राखण केली. आलेला प्रत्येक थेंब जसाच्या तसा पुढं दिला. आक्का मधूनच डोळे उघडून मला दटावायच्या, "काय गं, पोचवतेस ना सगळं?" पोचवत होते, आक्का. अगदी काठोकाठ.

सकाळी साखर हवी तिथं होती. ऑपरेशन झालं. अंगठा गेला, पाऊल राहिलं. शुद्धीवर येताच आक्कांनी विचारलं म्हणे, "चपला जोडीनंच घ्याव्या लागतील की एका अंगठ्याची सूट मिळते?"

नंतर माझी वेळ भरली. चष्मेवालीनंच मला काढलं. कात्री लावण्याआधी क्षणभर हातात धरून बघत राहिली. मग तिनं नवी नळी घेतली, कोरी, आणि तिला सावकाश पाजलं. ट्रेमध्ये थेंब पडत राहिले, टपटप. पिशवीत पडता पडता मी ऐकलेला तो शेवटचा आवाज. झाकणाच्या आवाजापेक्षा तो किती बरा.

आता तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुम्ही सिस्टर असाल, डॉक्टर असाल, तर नव्या नळीचा पहिला घोट तिचा तिला द्या. हात आखडू नका. आणि नसाल, कुणाच्या उशाशी नुसते बसणारे असाल, तर 'इथं दोघीच तर होत्या' असं म्हणण्याआधी एकदा खोलीभर नजर फिरवा. तिसरी कोणी मुकाट लोंबकळत असेल, आरपार दिसते म्हणून न दिसलेली.

झाकण लावा आता. हात धुवा हं, माझ्यावर जाऊ नका. माझ्या भिंतीला आक्कांचं थोडं औषध अजून चिकटलेलं आहे. ते परत कसं करायचं, ते मला कोणीच शिकवलं नाही.